नववीत शाळा सुटली, आता ४४व्या वर्षी सुरुवात कुठून करू?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही पुढचं उत्तर उपयोगी पडेल. वय ४४. नववीत असताना वडील गेले, शाळा सुटली. अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला लागलात आणि अजून तिथेच आहात. शिफ्ट फिरती. आता लाइन सुपरवायझर करायचं म्हणतात, पण त्या कामात रोजचा रिपोर्ट लिहावा लागतो, कॉम्प्युटरवर एंट्री करावी लागते आणि दहावीचं सर्टिफिकेट मागतात. पेपरचे मथळे वाचता येतात, खालची बातमी वाचताना दमायला होतं. लिहिणं म्हणजे सही आणि किराण्याची यादी. फोन आहे, पण त्यातलं सगळं मुलगी बघते. तुम्ही विचारलंय की आधी वाचन पक्कं करू, कॉम्प्युटर शिकू की थेट दहावीचा फॉर्म भरू? या वयात डोक्यात राहील का? आणि मुलगी म्हणते, ‘आई, उगाच ताण घेऊ नकोस, मी देते करून,’ तर ऐकू का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. मुलीचं ऐकू नका. ती प्रेमाने म्हणते, यात शंका नाही. पण गिरणगावातल्या रात्रशाळेत शिकवताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. मध्येच गळणारे विद्यार्थी बहुधा बुद्धीने कमी नसतात. घरात सगळं करून देणारं कुणीतरी असतं, ते गळतात. रिचार्ज मुलगा मारतो, बँकेचा फॉर्म सून भरते, मेसेज नात वाचून दाखवते. मग अक्षराशी गाठ पडणार कधी? मुलीला एवढंच सांगा, ‘शेजारी बस, पण फोनला हात लावू नकोस.’ ती वैतागेल. पहिले आठ-दहा दिवस दोघींचंही डोकं फिरेल. फिरू द्या.

आता क्रमाबद्दल. आधी वाचन, मग लेखन, मग कॉम्प्युटर, मग दहावी अशा पायऱ्या करू नका. त्या वाटेने गेलात तर दहावीपर्यंत पोचायला पन्नाशी येईल. या चारही गोष्टी एकाच कामात गुंतवायच्या, आणि तुमच्याकडे ते काम आयतं आहे: तो रोजचा रिपोर्ट. ऑफिसातून रिपोर्टचा एक कोरा फॉर्म मागून घ्या. कॉम्प्युटरच्या ज्या स्क्रीनवर एंट्री होते, तिचा फोटो साहेबांना विचारून घ्या. न विचारता नको, हल्ली कंपन्या त्याबाबत कडक असतात. बॅच नंबर, शिफ्ट, क्वांटिटी, रिजेक्शन, डाउनटाइम, रिमार्क असे त्यात फार तर वीस-पंचवीस शब्द असतील. ते तुम्ही रोज बोलता, फक्त लिहिलेले कधी पाहिले नाहीत. तुमचं पहिलं पाठ्यपुस्तक तेच.

मात्र वहीआधी डोळे तपासून घ्या. हसू नका, मी गंभीरपणे सांगतोय. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, हे कुणाला चुकत नाही. मथळा वाचता येतो आणि खालच्या बातमीत दमायला होतं, हे लक्षण निम्मं सवयीचं असेल, पण निम्मं चष्म्याचंही असू शकतं. आमच्याकडे असे विद्यार्थी येतात, ज्यांची समजूत असते की आपण वाचणं विसरलो. नंबर काढून चष्मा आला की पंधरा दिवसांत त्यांची गाडी रुळावर येते. फुटपाथवरचा तयार चष्मा घेऊ नका, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असं नाही. आणि रात्री वाचायला बसाल तेव्हा दिवा डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडणार नाही.

वाचनाबद्दल मला फारशी काळजी नाही. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाचं वाचन बुडत नाही, गंजतं. एकच वाईट सवय लागलेली असते, ती मोडायची: शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकून देणं. ‘महानगरपालिका’ दिसलं की तोंडातून ‘महाराष्ट्र’ येतं, ‘परिपत्रक’चं ‘पत्रक’ होतं. मथळ्यात हा अंदाज चालून जातो, कारण विषय आधी कानावर आलेला असतो. बातमीत चालत नाही, मग अर्थ लागत नाही आणि माणूस दमतो. उपाय जुनाच आहे. ओळीखाली पट्टी धरा, मोठ्याने वाचा आणि लांब शब्द तोडून वाचा: महा, नगर, पालिका. रोज एक बातमी पुरे, पण ती शेवटपर्यंत.

खरी अडचण येते ती सरकारी मराठीची. तिची वेगळी तयारी करा, कारण फॉर्म, नोटीस, बँकेचं पत्र, परीक्षेच्या सूचना, सगळं त्याच भाषेत असतं. ‘सदर’ म्हणजे हा किंवा हे. ‘उपरोक्त’ म्हणजे वर सांगितलेलं. ‘विहित नमुना’ म्हणजे त्यांनी ठरवून दिलेला फॉर्म. ‘स्वसाक्षांकित प्रत’ म्हणजे झेरॉक्सवर आपली सही. ‘देय दिनांक’ म्हणजे पैसे भरायची तारीख. वहीच्या मागच्या पानावर असे शब्द उतरवत जा. चाळीस-पन्नास शब्द झाले की कुठल्याही कार्यालयातली नोटीस तुम्हाला समजायला लागेल. पदवीधर माणसंही या शब्दांना अडखळतात, फक्त ती तसं दाखवत नाहीत.

सगळ्यात जास्त मार खाल्लेला असतो तो लिहिण्याने, आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. वाचता येतं म्हणजे लिहिता येईल, असं घरचे धरून चालतात. तसं होत नाही. हात आखडलेला असतो. पेन इतकं दाबून धरलेलं असतं की अक्षर मागच्या पानावर उमटतं, आणि पाच ओळींत अंगठा दुखायला लागतो. दहावीला भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि वेळ तीन तास. उत्तर डोक्यात तयार असूनही हात थकला म्हणून पेपर अर्धा सोडून आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून सांगतो, आजपासून रोज लिहा. पहिलीतल्या मुलांची दुरेघी वही आणा, लाजू नका. पेन जेलचं किंवा शाईचं घ्या, ते दाबावं लागत नाही. सुरुवातीला रोज चार ओळी. विषय एकच: आज लाइनवर काय झालं.

तुमच्या पहिल्या चार ओळी साधारण अशा असतील, असं धरून चालतो:

‘आज ३ नबर मशिन बद पडलि. दोन तास माल नीघाला नाहि.’

आता हे नीट बघा. वाक्यं दोन्ही उत्तम आहेत. कुठलं मशीन, काय झालं, किती वेळ, नुकसान काय, सगळं आलं. सुपरवायझरला हेच लागतं. चुका आहेत त्या तीनच जातींच्या. पहिली जात: अनुस्वार गळलेत. ‘नंबर’, ‘बंद’. बोलताना नाकात जो आवाज येतो तो कागदावर टिंब होऊन उतरला पाहिजे, म्हणून लिहून झालं की फक्त टिंबांसाठी एकदा मोठ्याने वाचा. दुसरी जात: ‘पडलि’, ‘नाहि’. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो दीर्घ लिहायचा, म्हणून ‘पडली’, ‘नाही’, ‘वाटी’, ‘लाडू’. रोजच्या वापरातला मोठा अपवाद म्हणजे ‘आणि’. एवढा एक नियम हाडीमासी भिनला तर तुमच्या निम्म्या चुका जातील. तिसरी जात: शब्दाच्या आतली वेलांटी. ‘मशीन’, ‘गरीब’, ‘वकील’ अशा शब्दांत शेवटच्या अक्षराच्या आधीची वेलांटी दीर्घ. पण पुढे प्रत्यय लागून शब्द बदलला की ती ऱ्हस्व होते, ‘गरिबाला’, ‘वकिलाकडे’, ‘मशिनीत’. ‘निघाला’ मात्र पहिल्यापासून ऱ्हस्व. हे हळूहळू बसतं, त्याच्या मागे लागू नका.

शुद्धलेखनाचे हे नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये ठरवले आणि १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर घातली. असे एकूण १८ नियम आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. मी प्रौढ विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षात वर सांगितलेल्या तीन जातींपलीकडे नेत नाही. लाल पेनाने भरलेली वही बघून चाळिशीतलं माणूस दुसऱ्या दिवशी येतच नाही, हे शिक्षक मंडळींनीही ध्यानात घ्यावं.

आता फोन. तुम्हाला वाटतं ते शिकणं वेगळं. मी म्हणतो ती तुमची दुसरी वही. रात्री वहीत लिहिलेल्या चार ओळी फोनवर टाइप करून मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, देवनागरीत. तिलाही उत्तर देवनागरीतच द्यायला सांगा. तिचं ‘ok mummy’ छापाचं मराठी तुमच्या काही कामाचं नाही.

फोनवर मराठीत लिहायचे दोन मार्ग आहेत. एकात इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी शब्द उमटतो. दुसऱ्यात थेट क, ख, ग असलेला कीबोर्ड येतो. जिला इंग्रजीची सवय आहे तिला पहिला पटापट जमतो, म्हणून मुलगी तुम्हाला तोच लावून देईल. तुम्ही दुसरा घ्या. पहिल्यात मशीनच शब्द ओळखून शुद्ध करून देतं, तुम्हाला अक्षर जुळवावं लागत नाही, म्हणजे शिकणं राहूनच जातं. देवनागरी कीबोर्डवर प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी तुम्हाला शोधून द्यावी लागते. सुरुवातीला एका ओळीला पाच मिनिटं लागतील. लागू द्या.

त्यात दोन-तीन ठिकाणी हमखास अडायला होतं, ते आधीच सांगून ठेवतो. ‘किती’ लिहिताना कागदावर पहिली वेलांटी क-च्या डावीकडे येते, म्हणून बरेच जण फोनवर आधी वेलांटी दाबतात आणि मग एक गोल ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. घाबरायचं नाही. फोनवर नेहमी आधी अक्षर, मग त्याची खूण: क, मग वेलांटी; त, मग दीर्घ वेलांटी. जोडाक्षरासाठी आधी पाय मोडायचा. ‘्’ अशी खूण शोधा. ‘रस्ता’ म्हणजे र, स, पाय मोडा, त, काना. रफाराची गंमत और आहे. ‘सर्व’मध्ये तो व-च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चार आधी र-चा होतो, म्हणून टाइप करताना स, र, पाय मोडा, व. उलट ‘प्रकार’मध्ये प, पाय मोडा, र. हे फोनवर जमलं की कागदावरचं जोडाक्षरही आपोआप सुधारतं, कारण ते कशाचं बनलंय हे पहिल्यांदाच बोटांना कळतं. आणखी एक: फोनवर ‘ल’ आणि ‘श’ बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात, तुम्ही शाळेत गिरवले तसे नाहीत. तुम्ही चुकीचं अक्षर दाबलेलं नसतं, तो फॉन्टचा प्रकार आहे. मराठी वळण कोणतं हे सांगणारा शासन निर्णयही २००९ मध्ये निघालाय, पण फोन बनवणाऱ्यांपर्यंत तो पुरता पोचलेला दिसत नाही!

कंपनीच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायची वेळ आली तर इनस्क्रिप्ट नावाची मांडणी विंडोजमध्ये आधीपासून असते, फक्त सुरू करावी लागते. तिच्यात काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के-च्या बटणावर क, एच-वर प, जे-वर र, आणि डी दाबलं की पाय मोडतो. डावा-उजवा असा ताल एकदा बसला की वेग येतो. पण खरं सांगायचं तर तुमच्या एंट्रीत बहुतेक आकडे आणि ठरलेले इंग्रजी शब्दच असतील. त्यासाठी एमएस-सीआयटीचा कोर्स करता येईल. तो बऱ्याच वर्षांपासून महाराष्ट्रभर चालतो, मराठीतून करता येतो आणि दहावी झालेली नसली तरी प्रवेश मिळतो. मात्र घाई नको. आधी दोन महिने वही आणि फोन, मग कोर्स. नाहीतर तिथे माउस कसा धरायचा एवढंच शिकून परत याल आणि फी वाया गेली म्हणून हळहळाल.

बोलून टाइप करण्याची सोय फोनमध्ये असते, माइकचं चित्र दाबलं की झालं. ती वापरू नका असं मी म्हणणार नाही. उलट तिचा चांगला उपयोग होतो. एक वाक्य बोला, फोनने काय लिहिलं ते शब्द न् शब्द वाचा आणि चुका बोटाने दुरुस्त करा. तो विरामचिन्हं खातो, ‘न’ आणि ‘ण’मध्ये गोंधळ घालतो, कारखान्याच्या आवाजात तर काहीच्या काही लिहितो. दुसऱ्याच्या चुका काढायला माणसाला मजा येते, ती मशीनच्या का असेनात. आमच्या वर्गातला हा सगळ्यात आवडता तास.

उलट दिशेचीही सोय आहे: फोन मजकूर वाचून दाखवतो. पाठ्यपुस्तकाचं पान समोर ठेवा, फोनला वाचायला लावा आणि त्याच्याबरोबर ओळीवरून बोट फिरवा. दहावीचं मराठीचं ‘कुमारभारती’ आणि बाकीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की तेवढ्यात एक पान होतं.

पैशाचे व्यवहार शिकताना एक वाक्य पक्कं करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ छापाचे मेसेज मी वर्गात मुद्दाम वाचायला देतो. मेसेज कुठून आला? साध्या दहा आकडी नंबरवरून. घाई कोण करतंय? ते. बिलावरचा ग्राहक क्रमांक त्यात आहे का? नाही. वाचन म्हणजे हेच, धड्याखालच्या प्रश्नांहून वेगळं काही नाही. फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

हल्ली विद्यार्थी चॅटजीपीटीसारख्या एआयचं विचारतात. मुलीने दाखवलं असेलच. माझं मत स्पष्ट आहे: त्याला विचारा, पण त्याच्याकडून लिहून घेऊ नका. ‘रोजचा रिपोर्ट लिहून दे’ म्हणालात तर तो छान गुळगुळीत रिपोर्ट देईल आणि तुम्ही होता तिथेच राहाल. त्याऐवजी स्वतः लिहा आणि सांगा, ‘यातले चुकीचे शब्द फक्त दाखव, दुरुस्त करू नकोस.’ किंवा ‘टक्केवारी मला पॅकिंगच्या कामातलं उदाहरण घेऊन समजाव, नंतर मला एक गणित घाल.’ रात्री अकरा वाजता न रागावता दहाव्यांदा तेच समजावणारा शिक्षक म्हणून तो खरंच कामाचा आहे, माझं तसं नाही. पण मराठीत तो बिनदिक्कत चुकतोही आणि चूक इतक्या ठामपणे सांगतो की खरी वाटते. म्हणून तो एका बाजूला आणि पुस्तक दुसऱ्या बाजूला; दोघांत फरक पडला तर पुस्तक खरं.

आता दहावी. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

रात्रशाळा ही माझी आवडती, हे उघड आहे. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हापासून दिवसभर राबून संध्याकाळी पाटी हातात घेणारी माणसं आपल्याकडे आहेत. वर्गात सोबत मिळते, आणि सोबतीमुळे माणूस टिकतो. पण तुमची शिफ्ट फिरती. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वर्ग बुडणार, मग मागचं कळेना म्हणून पुढचाही बुडणार. पहिली पाळी कायमची लिहून मिळत असेल तरच या वाटेने जा.

दुसरी वाट म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून ऑनलाइन अर्ज करायचा, मंडळ एक संपर्क केंद्राची शाळा देतं आणि परीक्षा बाकीच्या मुलांबरोबर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फायदा असा की पुस्तकं, गाइड, जुन्या प्रश्नपत्रिका कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि अर्ध्या चाळीला अभ्यासक्रम माहीत असतो. तोटा असा की गणित आणि विज्ञान टाळता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे तिला एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची, १९८९ मध्ये सुरू झालेली. इथे किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी, बाकीचे विषय बरेचसे आपल्या मर्जीचे. गणिताला घाबरणारी माणसं गृहविज्ञान घेतात. डेटा एंट्रीचाही विषय आहे, तो तुमच्या कामाशी थेट जुळतो. परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि प्रवेशापासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एका खेपेला दोनच विषय दिलेत तरी चालतं. फिरत्या शिफ्टच्या माणसाला हेच सोयीचं. सर्टिफिकेट राज्य मंडळाच्या बरोबरीचं धरलं जातं. मराठी माध्यम आहे, पण तुम्ही निवडाल त्या प्रत्येक विषयाचं पुस्तक मराठीत मिळतं का, हे अभ्यासकेंद्रावर विचारूनच विषय नक्की करा.

तुमच्या जागी मी असतो तर तिसरी वाट धरली असती. पहिल्या खेपेला मराठी आणि गृहविज्ञान एवढंच. पुढच्या खेपेला डेटा एंट्री. मात्र त्याआधी कंपनीच्या एचआरला जाऊन विचारा, ‘एनआयओएसची दहावी चालेल ना?’ आणि उत्तर तोंडी नको, ईमेलवर किंवा कागदावर घ्या. तोंडी ‘हो हो’वर वर्ष खर्चू नका.

बायकांच्या बाबतीत एक कटकट हमखास होते, ती आधीच सांगतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्ज भरताना दोन्ही कागद समोर ठेवा आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्या. तो काढलेला नसेल तर आता काढून घ्या. कोणत्या नावाने अर्ज करायचा हे केंद्रावर विचारल्याशिवाय ऑनलाइन फॉर्मचं शेवटचं बटण दाबू नका. नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. जन्मतारीखही तपासा. दाखल्यावरची आणि आधारवरची वेगळी निघते, असं आपल्या पिढीत फार आहे.

कुणी तुम्हाला ‘उल्लास’च्या साक्षरता वर्गाला जा म्हणून सुचवलं तर तो तुमच्यासाठी नाही. तो १५ वर्षांवरच्या पूर्ण निरक्षर माणसांसाठी आहे. तुमच्या अंबरनाथपासून फार लांब नाही, मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांनी ‘अ’पासून सुरुवात केली. तुमच्या पाठीशी नऊ वर्षांची शाळा आहे, ‘अ’पासून गिरवत बसलात तर कंटाळून सोडाल.

डोक्यात राहील का, हा प्रश्न उरला. राहील, पण पाठांतराने नाही. तुम्हाला आज कंपनीतल्या प्रत्येक मालाचा कोड तोंडपाठ असेल, तो काही घोकून झालेला नाही. रोज आठवावा लागतो म्हणून राहिलाय. अभ्यासाचंही तसंच. धडा पाच वेळा वाचू नका. एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा, मग चार दिवसांनी. जे आठवणार नाही तेवढंच पुस्तकात बघा. सोळा वर्षांच्या मुलापेक्षा तुम्हाला पहिल्यांदा वेळ जास्त लागेल, हे खोटं सांगत नाही. पण तुम्ही विचारता तो ‘का?’ ते पोर विचारत नाही, आणि तिथे तुम्ही त्याला गाठता.

हिशेबाचं उदाहरण देतो. आमच्याकडे भाजीचा धंदा करणाऱ्या एक बाई होत्या. साडेतेरा रुपयांना पाव तर पावणेदोन किलोचे किती, हे त्या मान वर न करता सांगायच्या: साडेचौऱ्याण्णव. फळ्यावर तेच लिहायला सांगितलं की हात थरथरायचा. त्यांना गणित येत होतं, रीत येत नव्हती. मग त्यांना म्हटलं, मनात जे जे करता ते एकेका ओळीवर लिहा. पावणेदोन किलोत सात पाव, तेरा साते एक्क्याण्णव, सात अर्धे साडेतीन. झाली की रीत! पॅकिंगमध्ये बॉक्स, डझन, रिजेक्शनचे टक्के तुम्ही रोज मनात करता. तेच लिहायला लागा, मग कदाचित गणितही घ्यावंसं वाटेल.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: चष्म्याचा नंबर, दुरेघी वही, रिपोर्टचा कोरा फॉर्म, आणि जुन्या शाळेत दाखल्याची चौकशी. शाळा बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जा, जुनी रजिस्टरं कुठे गेली हे तिथे समजतं. अर्ज तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा, चार ओळींचा: नाव, शाळा सोडल्याचं साल आणि इयत्ता, दाखला कशासाठी हवा, सही. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या.